सोळावा होल आणि बंद फाटक

आई-बाबा अमेरिकेत आले की दाखवायच्या जागांची एक ठरलेली यादी असते. गोल्डन गेट, लिव्हरमोरचं देऊळ, योसेमिटी, आणि मग 'यांना जरा समुद्र दाखवू' म्हणून मॉन्टेरेचा तो प्रसिद्ध सतरा मैलांचा रस्ता. बे एरियातल्या प्रत्येक मराठी घराने ही वारी निदान तीनदा तरी केलेली असते. आमचीही एप्रिलमधल्या एका शनिवारी झाली. आईने तिखट पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती, बाबांनी टोपी आणि दुर्बीण. 'सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह'च्या नाक्यावर दहा-बारा डॉलरची पावती फाडली आणि आत शिरलो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. चाळीस वर्षं कालवे, चाऱ्या आणि भूसंपादन यात गेली. त्यामुळे कुठलीही मोकळी जमीन दिसली की 'काय सुंदर आहे!' हे वाक्य त्यांच्या तोंडून दुसऱ्या क्रमांकावर येतं. पहिलं वाक्य असतं, "हे कोणाच्या नावावर आहे?"

फॅनशेल बीच नावाच्या थांब्याशी आलो तर तिथे जाळीचं कुंपण. सीलच्या माद्या तिथे पिल्लं घालतात, म्हणून दर वसंतात काही आठवडे तो भाग बंद ठेवतात. पाटीवर कारण लिहिलं होतं, १ जूनपर्यंतची मुदतही लिहिली होती. बाबांना ते एकदम पटलं. मग त्यांची दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळली. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, त्यात गालिचा अंथरल्यासारखं हिरवंगार गवत, मागे वाकडीतिकडी काळपट झाडं, आणि त्यापलीकडे समुद्र. माणूस एकही नाही.

"हे कोणाच्या नावावर?"

"क्लब आहे बाबा. सायप्रस पॉइंट. गोल्फचा. प्रायव्हेट आहे."

"बरं. आणि हे कुंपण कधी उघडतं?"

मी म्हटलं, "नाही उघडत." बाबा काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन मैल गाडीत शांतता होती. मग म्हणाले, "जमिनीचं समजू शकतो रे. पण समुद्राच्या काठाचा सातबारा कसा काय निघतो?"

मला उत्तर येत नव्हतं. रात्री नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला आणि पुढचे दोन वीकेंड त्यातच गेले. आधीच कबूल करतो, गोल्फ मला येत नाही. ऑफिसच्या टीम आउटिंगला एकदा ड्रायव्हिंग रेंजवर पंचवीस वेळा काठी फिरवली होती, त्यातली सात वेळा ती चेंडूला लागली. पण या मैदानाची गोष्ट खेळाच्या बरीच पलीकडची निघाली. तर ती सांगतो.

आधी तिथे कोण होतं

मॉन्टेरेच्या या द्वीपकल्पावर मूळचे लोक रम्सेन ओहलोनी. १७७० मध्ये स्पॅनिश लोकांनी मॉन्टेरेला लष्करी ठाणं आणि मिशन उभारलं आणि त्यांचं सगळं विस्कटलं. त्यानंतर १८५० च्या दशकात चिनी कोळी आले. पॉइंट अलोनीस इथे, म्हणजे सायप्रस पॉइंटच्या उत्तरेला काही मैलांवर, त्यांचं मोठं गाव वसलं. आज जिथे पेबल बीच आहे त्या बाजूलाही त्यांची छोटी वस्ती होती.

पुढे ही सगळी जमीन गेली पॅसिफिक इम्प्रूव्हमेंट कंपनीकडे. ही कंपनी म्हणजे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे जे चार बडे मालक होते, त्यांचीच. या रेल्वेचे डोंगरातले बोगदे हजारो चिनी मजुरांनी फोडले होते, हे विसरू नका. कंपनीने १८८० मध्ये मॉन्टेरेला हॉटेल डेल मॉन्टे बांधलं आणि पाहुण्यांना बग्गीतून फिरवून आणण्यासाठी १८८१ मध्ये सतरा मैलांचा रस्ता काढला. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याची पावती फाडली तो मुळात हॉटेलच्या पाहुण्यांची करमणूक होता.

चिनी गाव मात्र कंपनीला नकोसं होऊ लागलं. त्यांना हटवण्याचे प्रयत्न चालूच होते. मे १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर महिन्याभरात, पॉइंट अलोनीसला आग लागली आणि बहुतेक गाव जळून गेलं. त्या जागी पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. आज तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे.

हे सगळं इतक्या विस्ताराने अशासाठी सांगितलं की 'निसर्गरम्य, मोकळा किनारा' असं आपण म्हणतो तेव्हा तो मोकळा कसा झाला हेही माहीत असावं. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लीन इन्स्टॉलच्या आधी डिस्क फॉरमॅट झालेली असते.

मोर्स नावाचा मॅनेजर

१९१५ मध्ये कंपनीने सॅम्युअल मोर्स नावाचा तिशीतला एक माणूस नेमला. तारयंत्रवाल्या मोर्सचा दूरचा नातेवाईक. काम काय, तर कंपनीची मालमत्ता विकून मोकळं व्हायचं. किनाऱ्यालगतच्या जमिनीचे छोटे छोटे प्लॉट पाडायचा बेत आधीच ठरलेला होता. मोर्सने तो फिरवला. किनाऱ्यावर घरं उभी राहिली तर मागच्या जमिनीला कोण विचारणार, हे त्याने ओळखलं. म्हणून किनारा मोकळा ठेवून तिथे गोल्फचं मैदान करायचं आणि त्याच्या मागची जमीन चढ्या भावाने विकायची. १९१९ मध्ये पेबल बीचचं मैदान सुरू झालं आणि त्याच वर्षी मोर्सने डेल मॉन्टे प्रॉपर्टीज ही स्वतःची कंपनी काढून हा सगळा मुलूख विकत घेतला.

यात निसर्गप्रेम किती आणि धंदा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण एक गोष्ट खरी. मॉन्टेरे सायप्रस हे झाड नैसर्गिकरीत्या जगात फक्त दोन ठिकाणी उगवतं. एक सायप्रस पॉइंटच्या आसपास, दुसरं थोडं दक्षिणेला पॉइंट लोबोसला. किनाऱ्यावर प्लॉट पडले असते तर पहिल्या ठिकाणाचं काय झालं असतं हे सांगायला नको. आपल्याकडच्या टेकड्यांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

मॅरियन

आता या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती. मॅरियन हॉलिन्स.

जन्म १८९२, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. वडील मोठे शेअर दलाल. घोडे, पोलो, टेनिस, पोहणं, मोटार हाकणं, सगळ्यात पुढे. १९१३ मध्ये वडिलांची पेढी बुडाली आणि श्रीमंती आटली, पण हिचा वेग काही कमी झाला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय महिला हौशी गोल्फ स्पर्धा तिने जिंकली, आणि अंतिम सामन्यात हरवलं कोणाला, तर लागोपाठ तीन वेळा ती स्पर्धा जिंकलेल्या अलेक्सा स्टर्लिंगला. मग तिने लाँग आयलंडवर फक्त बायकांसाठी, बायकांनी चालवलेला एक गोल्फ क्लब काढला. कारण सरळ होतं, पुरुषांच्या क्लबांत बायकांना धड वेळ मिळायची नाही.

मोर्सने तिला मॉन्टेरेला आणलं. हुद्दा खेळांच्या संचालकाचा, पण ती जमिनीही विकायची आणि फार छान विकायची. सायप्रस पॉइंटला एक खासगी क्लब काढायची कल्पना तिनेच उचलून धरली. जमिनीचा सौदा, सभासद जमवणं, पैसा उभारणं, आर्किटेक्ट शोधणं, या सगळ्यात ती होती. थोडक्यात, आज आपण जिला फाउंडर म्हणू, ती.

पहिला आर्किटेक्ट होता सेठ रेनर. तो जानेवारी १९२६ मध्ये न्यूमोनियाने अचानक गेला. मग तिने बोलावलं डॉक्टर अॅलिस्टर मॅकेन्झीला.

छद्मावरणवाला डॉक्टर

मॅकेन्झी हे भलतंच रसायन होतं. जन्म १८७०, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. केंब्रिजला शिकलेला डॉक्टर, बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत. तिथे त्याने पाहिलं की मूठभर बोअर शेतकरी जमिनीच्या रंगरूपात असे लपून बसतात की मोठ्या फौजेला दिसत नाहीत. ही गोष्ट त्याच्या डोक्यात घर करून बसली. पहिल्या महायुद्धात तो सैन्यासाठी कॅमफ्लाजचा तज्ज्ञ म्हणून काम करत होता. आणि मग त्याने औषधपाणी सोडून गोल्फची मैदानं आखायला घेतली, तेव्हा तीच विद्या वापरली. खंदक शत्रूपासून लपवायचे, तसे इथे माणसाचं काम निसर्गात लपवायचं. वाळूचे खड्डे खणायचे, पण ते वाऱ्याने झालेत असं वाटलं पाहिजे. सायप्रस पॉइंटला त्याने रॉबर्ट हंटर या साथीदाराबरोबर हेच केलं. आम्ही रस्त्यावरून जी पांढरी वाळू बघितली, तिच्यातली मूळची किती आणि त्याने रचलेली किती हे मला फोटो झूम करूनही कळलेलं नाही.

१९२० मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, त्यात चांगल्या मैदानाची तेरा तत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा मतितार्थ असा: मैदानावर धाडसाच्या जागा जरूर असाव्यात, पण ज्याच्या हातात तेवढी ताकद नाही त्याच्यासाठी दुसरी वाट नेहमी उघडी असली पाहिजे. एखादा फटका जास्त लागेल, चालेल. पण वाट हवी.

हे तत्त्व लक्षात ठेवा.

सोळावा होल

ज्यांनी गोल्फ कधीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. अठरा होल असतात. प्रत्येकाची सुरुवात एका सपाट चौथऱ्यावर, त्याला टी म्हणतात. शेवट ग्रीन नावाच्या गुळगुळीत गवतावर, तिथे भोक. चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत तो आकडा म्हणजे पार. पार तीन म्हणजे एका फटक्यात टीवरून ग्रीनवर, आणि दोन फटक्यांत भोकात.

सायप्रस पॉइंटचा सोळावा होल पार तीनचा आहे. अंतर साधारण २३० यार्ड, म्हणजे २१० मीटर. टी एका कड्यावर, ग्रीन समोरच्या कड्यावर, आणि मध्ये पॅसिफिक महासागर. शब्दशः. खाली खडकांवर लाटा फुटतायत, समोरून वारा, आणि तुम्ही ४५ ग्रॅमचा चेंडू त्यावरून पलीकडे पाठवायचा. १९५९ च्या स्पर्धेत हान्स मेरेल नावाच्या व्यावसायिक खेळाडूला या एका होलवर १९ फटके लागले होते. व्यावसायिक, बरं का!

या होलची जन्मकथा मॅकेन्झीनेच लिहून ठेवली आहे. त्याचं ते हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, १९९५ मध्ये पुस्तकरूपाने आलं. तो म्हणतो, या होलचं श्रेय माझं नाही. सेठ रेनर हयात असताना मॅरियन त्याच्याबरोबर या कड्यावर उभी होती. रेनर हळहळला, की इथे समुद्रावरून मारायचा होल करता आला असता, पण एवढं अंतर कोणाला झेपणार नाही. मॅरियन म्हणाली, मला तसं वाटत नाही. तिथेच एक चेंडू ठेवला, काठी फिरवली, आणि चेंडू पलीकडे जाऊन पडला. जिथे ग्रीन व्हावी असं बोललं जात होतं, बरोबर तिथे.

मी हा परिच्छेद वाचला तेव्हा खुर्चीत उठून बसलो. प्रत्येक प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये एक जण असतो जो म्हणतो, 'फीजिबल नाही.' आणि फार क्वचित एक जण असतो जो वाद न घालता रात्री बसून चालणारा डेमो आणून टेबलावर ठेवतो. मॅरियनने नेमकं तेच केलं, तेही १९२० च्या दशकात, त्या काळच्या लाकडी दांड्याच्या काठीने.

मॅकेन्झीने होल तसा आखला, पण त्याच्या तत्त्वाला जागून. समुद्रावरून सरळ मारायची हिंमत नसेल तर डावीकडे जमिनीची एक जीभ आहे. तिकडे छोटा फटका मारायचा, मग दुसऱ्या फटक्याने ग्रीन. एक फटका जास्त जातो, पण चेंडूही वाचतो आणि इज्जतही. म्हणजे जगातला सगळ्यात भीतीदायक म्हणवला जाणारा हा होलसुद्धा कोणालाही 'तू इथला नाहीस' असं म्हणत नाही. दोन वाटा आहेत, तुझी तू निवड.

ऑगस्ट १९२८ मध्ये क्लब सुरू झाला. पुढच्याच वर्षी बॉबी जोन्स, त्या काळचा गोल्फचा राजा, पेबल बीचला राष्ट्रीय स्पर्धेसाठी आला आणि पहिल्याच फेरीत अनपेक्षितपणे हरला. हाताशी वेळ होता म्हणून सायप्रस पॉइंटला खेळला आणि मॅकेन्झीच्या कामावर इतका खूश झाला की पुढे जॉर्जियातल्या आपल्या स्वप्नातल्या मैदानासाठी त्याने त्यालाच घेतलं. ते मैदान म्हणजे ऑगस्टा नॅशनल. आज टीव्हीवर दर एप्रिलमध्ये 'मास्टर्स' दिसते, तिची एक मुळी अशी या कड्यापर्यंत येते.

१९९०

१९४७ पासून सायप्रस पॉइंट जगाला वर्षातून एकदा दिसायचं. गायक-नट बिंग क्रॉस्बी दर हिवाळ्यात व्यावसायिक खेळाडू आणि हौशी सिनेनटांची एकत्र स्पर्धा भरवायचा, तिच्या तीन मैदानांपैकी हे एक. क्लब तेव्हाही अगदी छोटा, सभासद अडीचशेच्या आसपास. बॉब होप या विनोदी नटाच्या नावावर एक जोक सांगतात: सायप्रस पॉइंटने मेंबरशिप ड्राइव्ह काढली आणि चाळीस मेंबरांना ड्राइव्ह करून बाहेर सोडलं.

मग आलं १९९०. अलाबामातल्या शोल क्रीक नावाच्या क्लबवर त्या वर्षीची मोठी पीजीए स्पर्धा होणार होती. त्या क्लबच्या संस्थापकाने एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं की आमच्याकडे काळ्यांना सभासद करून घेतलं जात नाही. प्रचंड गदारोळ झाला. जाहिरातदारांनी टीव्हीवरच्या जाहिराती काढून घेतल्या. शोल क्रीकने घाईघाईने एका कृष्णवर्णीय उद्योजकाला मानद सभासद केलं. आणि पीजीए टूरने नियम केला, की सभासदत्वात भेदभाव करणाऱ्या क्लबवर आम्ही स्पर्धा घेणार नाही.

आता प्रत्येक क्लबला ठरवायचं होतं. ऑगस्टा नॅशनलने त्याच वर्षी आपला पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला. शिकागोजवळचा बटलर नॅशनल हा फक्त पुरुषांचा क्लब, त्याने स्पर्धा सोडली, बायकांना घेतलं नाही. आणि सायप्रस पॉइंट? तिथे त्या वेळी एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. क्लबचं म्हणणं असं, की आम्ही भेदभाव करत नाही, पण आमच्याकडे प्रतीक्षायादी आहे आणि ती ओलांडून आम्ही कोणाला आत घेणार नाही. क्लबने स्पर्धेतून अंग काढून घेतलं. १९९१ पासून त्याच्या जागी दुसरं मैदान आलं.

मी या युक्तिवादावर बराच विचार केला. वरवर बघता तो अगदी न्याय्य वाटतो. रांग म्हणजे रांग, आधी येईल त्याला आधी. आपण रेशनच्या रांगेपासून व्हिसाच्या रांगेपर्यंत हेच शिकत आलो. (ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल आज बोलत नाही, लेख लांबेल.) पण रांगेचा कोड ज्याने लिहिला आहे तो सांगेल, की रांग न्यायी आहे की नाही हे तिच्या क्रमावर ठरत नाही. रांगेत नाव कसं शिरतं त्यावर ठरतं. इथे तर तुम्ही जाऊन अर्ज भरू शकत नाही, आतल्यांनी तुमचं नाव काढावं लागतं. ६२ वर्षांत आतल्यांच्या ओळखीत एकही काळा माणूस आला नसेल तर रांग कितीही शिस्तीत चालो, बाहेर काय पडणार ते आधीच ठरलेलं आहे.

आणि हे फक्त त्यांचंच नाही हं. आपल्या मुंबईत बाँबे जिमखाना १८७५ चा, गोऱ्यांसाठीचा. १९१७ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने गोऱ्यांबरोबर हिंदी लोकांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब काढला, तोही गोल्फच्या मैदानासकट, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. आज त्याच्या आत जाऊन बघा म्हटलं तर तुम्हा-आम्हाला जमणार आहे का? दार उघडणाराही आत गेल्यावर दार लावूनच घेतो.

सायप्रस पॉइंटला दोन वाटा होत्या, त्याच्या सोळाव्या होलसारख्या. त्यांनी तिसरी निवडली, खेळच सोडला. त्यानंतर हे मैदान लोकांच्या नजरेआड गेलं ते बराच काळ. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंड यांच्या हौशी खेळाडूंची वॉकर कप स्पर्धा तिथे झाली (अमेरिकेने १७-९ अशी जिंकली), तेव्हा कुठे तिकीट काढून आलेल्या लोकांना तो कडा जवळून बघायला मिळाला.

दुसरं मैदान

आता मॅरियनचं पुढे काय झालं ते.

सायप्रस पॉइंट उभं राहत असतानाच तिने मॉन्टेरे उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्रूझच्या वरच्या टेकड्यांवर, आणखी एक बेत मांडला. नाव पासातिएम्पो, म्हणजे स्पॅनिशमध्ये वेळ घालवण्याचं साधन, करमणूक. आर्किटेक्ट पुन्हा मॅकेन्झी. सप्टेंबर १९२९ मध्ये उद्घाटनाला बॉबी जोन्स स्वतः खेळला. १९३० मध्ये केटलमन हिल्सच्या तेलात गुंतवलेल्या पैशाचे मॅरियनला सुमारे २५ लाख डॉलर मिळाले. मंदीत! तिने ते पासातिएम्पोमध्ये ओतले. मंदी काही हटेना. मॅकेन्झीने तिथेच सहाव्या फेअरवेच्या कडेला घर केलं होतं, तो जानेवारी १९३४ मध्ये वारला, त्याची रक्षा त्या मैदानावर विखुरली. १९३७ मध्ये एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने मॅरियनच्या गाडीला धडक दिली. डोक्याला मार लागला, ती त्यातून पूर्ण सावरलीच नाही. १९४० पर्यंत पासातिएम्पो विकावं लागलं. १९४४ मध्ये ती गेली, वय ५१. वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव आलं २०२२ मध्ये, टायगर वुड्सच्याच बरोबर. अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. रांगच ती.

पण मुद्दा हा नाही. मुद्दा असा, की पासातिएम्पो आजही आहे, आणि तिथे पैसे भरून कोणीही खेळू शकतं. स्वस्त नाही, बरंच महाग आहे, पण फोन केला तर वेळ मिळते. ओळख लागत नाही. बाई तीच, डॉक्टर तोच, वर्षं तीच. आणि जाणकार अजूनही त्याची गणना देशातल्या उत्तम मैदानांत करतात. म्हणजे 'दार बंद ठेवलं म्हणून सौंदर्य टिकलं' हा जो युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो, तो निदान पूर्ण खरा नाही.

पूर्ण खोटाही नाही, हे मान्य करायला हवं. सायप्रस पॉइंटवर वर्षाला हजारो लोक फिरले असते तर ती वाळू आणि ती झाडं अशीच राहिली असती का? बहुधा नसती. पेबल बीच सगळ्यांना खुलं आहे, पण एका खेळाचे सहाशेहून अधिक डॉलर, म्हणजे ते फाटकही आहेच, फक्त त्याची किल्ली वेगळ्या धातूची आहे. मला हे कोडं पूर्ण सुटलेलं नाही. पण सीलच्या पिल्लांसाठी घातलेलं कुंपण आणि क्लबचं कुंपण यांत फरक आहे एवढं नक्की कळलं. पहिल्यावर कारण आणि तारीख लिहिलेली असते. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला तो फरक एका नजरेत दिसला, मला दोन वीकेंड लागले.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

समुद्राच्या काठाचा सातबारा कसा निघतो? तर कॅलिफोर्नियात निघत नाही. सर्वसाधारणपणे भरतीचं पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या खालचा ओला किनारा हा सगळ्या जनतेचा, सरकार त्याचं नुसतं विश्वस्त. पाण्यापर्यंत जायची लोकांची वाट अडवू नये हे राज्याच्या घटनेत १८७९ पासून आहे. १९७६ च्या किनारा कायद्याने त्याला आणखी बळ दिलं. म्हणजे सोळाव्या होलवर टी क्लबची, ग्रीन क्लबची, पण मधल्या लाटा आपल्या सगळ्यांच्या. मॅरियनने तो पहिला चेंडू मारला तो सार्वजनिक मालमत्तेवरून मारला! अर्थात, तीस फूट कड्याखाली हक्क असून उपयोग काय, तिथे उतरणार कसं, हा भाग वेगळा.

आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती. सतरा मैलांच्या रस्त्यावर पैसे फक्त गाडीला लागतात. चालत किंवा सायकलवर आलात तर फुकट. मॅकेन्झीची डावीकडची वाट म्हणायची. वेळ जास्त लागेल, पण वाट आहे.

हे सगळं मी बाबांना सांगितलं ते गेल्या रविवारी. पुन्हा सांता क्रूझला निघालो होतो, हायवे १७ वरून. उतार संपत आला की 'पासातिएम्पो ड्राइव्ह' अशी एक्झिटची पाटी येते. मी चार वर्षांत त्या पाटीखालून किती वेळा गेलो असेन, कधी वळलो नव्हतो. या वेळी वळलो. गाडी लावली, कोणी अडवलं नाही. बाहेर कडेला उभं राहिलो. एक म्हातारा आणि त्याची नात असावी, दोघं जण आपापली बॅग ओढत चालली होती. खाली दूरवर उपसागर दिसत होता, आणि पलीकडच्या टोकाला धुक्यात मॉन्टेरे.

बाबांनी दुर्बीण लावली. मला वाटलं आता विचारणार, कोणाच्या नावावर.

ते म्हणाले, "त्या बाईचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

मी मोबाईल काढून दिला.